सातच्या काट्यावरचं भोक

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अहमदपूरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळाचा मास्तर होतो आणि तेवढी वर्षं पोरं मला पाठीमागे ‘फटाका’ म्हणायची. कागदोपत्री नाव रेणुकादास. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, मी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या लांबलचक शेडमध्ये नेमबाजीचा क्लब चालवतो. पन्नास मीटरची रेंज, क्लबच्या परवान्यावरच्या दोन पॉइंट टू-टू रायफली आणि सात-आठ विद्यार्थी. रायफलीची डागडुजी मीच करायचो. चार पैशांच्या वस्तूतून काम भागवायची मला हौस, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं की मी फुगायचो.

गेल्या सोमवारी मी सुकन्याचं मनगट सगळ्यांसमोर वर धरलं आणि म्हणालो, “बघा रे. नेमबाजाचा हात असा नसतो. हा हात हलतो.”

सुकन्या आमची सगळ्यात चांगली नेमबाज. रविवारी नांदेडला निवड चाचणी होती, तिथून थेट राज्याला. पण तीन आठवडे झाले, तिचे पहिले सात-आठ शॉट मधोमध दहाच्या गोलात बसायचे आणि मग एखादा अचानक खाली डावीकडे जायचा. टार्गेटच्या कागदावर घड्याळ आहे असं धरलं तर बरोबर सातच्या काट्यावर. मी आधी समजावलं, मग ओरडलो, आणि सोमवारी ते मनगट धरलं.

तिने हात सोडवून घेतला नाही. मी सोडेपर्यंत वाट पाहिली, रायफल टेबलावर नीट ठेवली आणि म्हणाली, “मंग रविवारी मी येत न्हाई, सर. हातच खराब हाय तर कशाला यायचं.”

ती गेली. बाकीची पोरंही एकेक करत सटकली. दुपारचे चार वाजले असतील, पत्र्यावर ऊन तापलेलं होतं. मी टार्गेटचे कागद गोळा करत होतो आणि मागून स्पष्ट आवाज आला, “सर, माझा हात हलला न्हाई.”

मी वळलो. शेड रिकामी होती. आवाज सुकन्याचा नव्हताच. तो तिच्या मोठ्या बहिणीचा, स्वप्नालीचा होता, आणि स्वप्नालीला जाऊन चार वर्षं झाली होती.

स्वप्नालीबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी ती याच शेडमध्ये, याच रायफलीने मारायची. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. ट्रिगर दाबताना तिच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी तिची लातूरला स्पर्धा होती आणि तिथे तिचे शॉट असेच खाली डावीकडे गेले. ती अकरावी आली. पहिल्या दहांना पुढे जायचं होतं. मी लातूरच्या त्या मैदानावर, परक्या लोकांसमोर तिचं मनगट वर धरलं होतं आणि हेच वाक्य म्हणालो होतो. ती तीनदा म्हणाली, “सर, माझा हात हलला न्हाई.” तिसऱ्यांदा तर अगदी हळू. मी म्हणालो, “मग काय रायफल खोटं बोलते?”

त्यानंतर ती क्लबवर आली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, शिरूर अनंतपाळला दिली. पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूने आठ दिवसांत गेली. मी भेटायला गेलो, सतरंजीवर बसलो, पाणी प्यालो आणि परत आलो. तिची रायफल मी नमद्याच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिली. पोरांना दुसरी वापरायला दिली. यंदा सुकन्या अठरा वर्षांची झाली आणि म्हणाली, मला ताईची पाहिजे. मला बरं वाटलं होतं.

सोमवारी शेडमध्ये तो आवाज आल्यावर मी घरी गेलो आणि माळ्यावरची पेटी काढली. स्पर्धांचे जुने कागद मी टाकत नाही. स्वप्नालीचा लातूरचा कागद सापडला. सुकन्याचा त्या सोमवारचा कागद मी त्यावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात धरले. सातच्या काट्यावरच्या भोकातून उजेड आरपार आला. दोघींचं भोक एकाच जागी होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली, हे कबूल करतो. वाटलं, ही पोरगी रायफलीत बसून आहे. मी तिला खोटारडी ठरवलं म्हणून आता बहिणीच्या हातून माझ्याशी भांडते आहे.

बायकोला काहीच सांगितलं नाही. कुसुम म्हणाली असती, डोकं फिरलंय तुमचं. मी स्वतःला बजावलं की नळीत शिसं साठलं असेल. या रायफलीची गोळी मऊ शिशाची असते, वरून मेणासारखं वंगण लावलेलं. शंभरेक शॉट झाले की नळीच्या मागच्या तोंडापाशी त्याचा राप धरतो. भूत असो की शिसं, नळी साफ करणं माझ्या हातात होतं.

आधी मी माझा जुना गज काढला. हा गज म्हणजे माझी शान होती. मोटारसायकलची जाड क्लचवायर सरळ करून, टोकाला खिळा डाख देऊन जोडून मीच बनवलेला. पूर्वी वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता. पण गेल्या काही वर्षांत मी दुसऱ्या कोचांकडून थोडं शिकलो होतो. अशी पोलादी वस्तू नळीत घालणं म्हणजे आतल्या, गोळीला पीळ देणाऱ्या मऊ आट्यांवर कानस फिरवणं. वायरीच्या पिळात धूळ अडकते आणि ती धूळ नळी खाते. मी तो गज बाजूला ठेवला आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो असा विचार आला, तो झटकून टाकला.

मग शोध सुरू झाला. गज पोलादापेक्षा मऊ हवा, नळीपेक्षा बारीक हवा, तरी मध्ये वाकायला नको. पडद्याची दांडी जाड. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लिबलिबीत, शिवाय तिच्यात कचरा रुतून बसतो. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी चांगली, तिला टोकाशी मेणबत्तीवर गोळा करून चिंधी ओढता येते, पण साठलेला राप ती काढत नाही. शेवटी फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात गॅस वेल्डिंगची पितळी काडी मिळाली, हातभराहून बरीच लांब आणि सरळ. तिच्यावर मी वायरमनची प्लास्टिकची नळी चढवली आणि गरम करून आवळली. टोकाला चिंधी धरायला हॅक्सॉने चीर पाडली आणि चिरेच्या कडा घासून गोल केल्या.

चिंध्यांसाठी बनियन कापून पाहिलं, त्याचे धागे सुटतात. कुसुमच्या जुन्या सुती पातळाचा पदर बरोबर निघाला, धुऊन धुऊन मऊ झालेला. ती म्हणाली, “मला विचारून तरी फाडायचं.” मी म्हणालो, “तू नाही म्हणाली असतीस.” रुपयाएवढा तुकडा नळीत घट्ट अडकत होता, म्हणून कात्रीने कमी करत करत नखाएवढ्यावर आणला. असं काम करताना मन शांत राहतं. आवाज आला नाही.

एक वस्तू मात्र घरी होण्यासारखी नव्हती. काडी मागून, गोळी आत ढकलणारा बोल्ट काढून त्याच्या जागेतून घालायची, तर ती सरळ मधोमध जावी म्हणून तिथे बसवायला एक पोकळ गट्टू हवा. त्यासाठी मंगळवारी संगप्पाच्या लेथवर गेलो. संगप्पा मूळचा उदगीरकडचा, मार्केट यार्डाच्या मागे त्याचं वर्कशॉप आहे. मी बोल्ट काढून बरोबर नेला होता, रायफल नेली नव्हती. ती कुलपात होती. त्याने बोल्ट मापला, पांढऱ्या नायलॉनचा तुकडा लेथला लावला आणि कातत कातत विचारलं, “सर, एवढी भानगड कशाला? पुढच्या तोंडातून घाला की काडी. सरळ जाईल.”

“पुढून घातली तर काडी तोंडाच्या कडेला घासते,” मी म्हणालो. “गोळी नळी सोडते तेव्हा तिला शेवटचं त्या कडेचं बोट लागतं. ती कड एका अंगाला जरी झिजली, तरी मागचा धूर त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढोसतो. मग नेम कितीही धर, काही उपयोग नाही.”

संगप्पाने लेथ थांबवला. “मंग कड बघितली का तुम्ही?”

“ते मला शिकवू नकोस.”

“शिकवून न्हाई राहिलो, सर. आमच्यात कातलेल्या कडेची बारीक बर, म्हंजी खरखरीत धार, डोळ्याला दिसत न्हाई, तवा कापूस फिरवतो. असलं काही तर धागा धरतो.” त्याने गट्टू माझ्या हातावर ठेवला आणि तो पैसे नको म्हणाला तरी मी वीस रुपये ठेवून निघालो. रस्ताभर त्याचा राग येत राहिला.

बुधवारी सकाळी शेडमध्ये एकटाच गेलो. गट्टू चपखल बसला. पहिली चिंधी काजळासारखी काळी निघाली. दुसरी काळी, तिसरी करडी. चिंधी पुढच्या तोंडातून बाहेर पडली की काढून घ्यायची आणि काडी हळूच मागे घ्यायची, कडेला हिसका द्यायचा नाही. अकरावी चिंधी पांढरी आली. मी खूश झालो. म्हणालो, चला, शिसंच होतं. एक कोरडी चिंधी अजून फिरवली आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून ती अशी घट्ट बसवली की माणसाच्या हाताचा प्रश्नच उरू नये. दारावर लाल झेंडी लावली, कानांत बोळे घातले आणि फक्त बोटाने ट्रिगर दाबला.

सात शॉट दहाच्या गोलात गेले. भोकं एकात एक. आठवाही तिथेच.

नववा सातच्या काट्यावर गेला.

दुर्बिणीतून ते भोक मी दोनदा पाहिलं. त्या रायफलीला कुणाचा हात लागलेला नव्हता. कानांत बोळे असूनही मला ते वाक्य ऐकू आलं, या वेळी तिसऱ्यांदा म्हणाली होती तसं, हळू. मी मोठ्याने म्हणालो, “बाई गं, काय पाहिजे तुला?” म्हातारा माणूस रिकाम्या शेडमध्ये असा बोलत होता.

 आठवला तो संगप्पाचा प्रश्न. कड बघितली का तुम्ही?

रायफल रिकामी केली, बोल्ट काढला, नळी उजेडाकडे केली. काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळला. आमच्या भागात कापूस काय शोधावा लागत नाही, त्या शेडच्या फटींतही जुना सरकीचा कापूस अजून चिकटलेला आहे. नळीच्या तोंडाच्या कडेवरून मी तो हलकेच फिरवला. खाली गुळगुळीत गेला, डावीकडे गुळगुळीत गेला. वर उजवीकडे, सातच्या काट्याच्या बरोबर समोरच्या अंगाला आला आणि अडकला. ओढला तर धागा कडेलाच राहिला. पुसून पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच.

घड्याळवाल्याकडून मागे कधीतरी आणलेलं भिंग डोळ्याला लावलं. कडेवर आणि आतल्या बाजूला बारीक गोल ओरखडे होते, एकाच अंगाला दाट. कुणीतरी अंगठ्याने घासत बसावं तसे.

मला तेव्हाच आठवलं. सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दरवर्षी आम्ही त्या दिवशी रायफली पाटावर मांडून पूजा करतो. हत्यारं, वह्या, इंचटेप, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी जिल्ह्यातले मोठे पाहुणे पूजेला येणार होते. पूजेतलं हत्यार चकचकीत पाहिजे, असं म्हणून आदल्या दिवशी मी पॉलिश पेपरचा तुकडा अंगठ्यावर गुंडाळला, नळीच्या तोंडावर दाबला आणि तासभर फिरवत बसलो. देवाची भांडी घासतात तसं. तोंड आरशासारखं झालं. पाहुणे म्हणाले, वा सर, रायफल नवीन घेतली का? मी फुगलो. आणि नंतर पंधरा दिवसांनी लातूरची स्पर्धा होती.

मी वाळूच्या पिशवीवर बसलो आणि रडलो. असं रडू मला आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. मी विचारलं होतं, रायफल खोटं बोलते का? बोलत होती. मीच तिला तसं शिकवलं होतं. शेडमध्ये भूत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. भूत असतं तर पायावर डोकं ठेवता आलं असतं.

आता माझ्यातल्या फटाक्याची खरी परीक्षा होती. कुणालाच काही कळणार नव्हतं. रायफल परवानाधारक कारागिराकडे पाठवायची, तो तोंड नव्याने कातून देईल. सुकन्याला दुसरी रायफल द्यायची, बरं वाटत नव्हतं म्हणून रागावलो म्हणायचं. पोरगी रविवारी गेली असती, माझी अब्रूही राहिली असती. खरं सांगतो, गुरुवारी दुपारपर्यंत मी हेच ठरवून होतो. पण ‘हातच खराब हाय’ म्हणणारा तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. ती हे वाक्य रागाने म्हणाली नव्हती. तिला ते पटलं होतं. एक पोरगी हेच पटवून घेऊन या जगातून गेली, ही दुसरी.

संध्याकाळी पाचला त्यांच्या घरी गेलो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. तिची आई नीलाबाई ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. सुकन्या दारातून दिसली आणि आत वळली.

“या सर. बसा. लई दिवसांनी,” नीलाबाई म्हणाल्या. “सुके, च्या टाक.”

“चहा नको. सुकन्या, तू पण बाहेर ये. तुझ्यासमोर बोलायचंय.”

ती येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खंडेनवमी सांगितली, पॉलिश पेपर सांगितला, लातूरचं मैदान सांगितलं. ते मैदान नीलाबाईंना माहीतच नव्हतं. स्वप्नालीने घरी फक्त ‘अकरावी आले’ एवढंच सांगितलं होतं. शेवटी म्हणालो, “तिचा हात हलला नव्हता. हिचाही हलत नाही. मी खराब केलं ते मी पोरींच्या माथी मारलं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.”

 नीलाबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला होता.

सुकन्यानेच विचारलं, “मंग रविवारी कोणत्या रायफलीनं मारू?”

“दुसरीने. उद्या सकाळी ये, तुझ्या मापाने बसवून देतो. तिची कड मी पाहिली आहे, कापूस फिरवून.”

“येते,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पण तुम्ही नांदेडला माझ्यामागं उभं राहू नका.”

“नाही राहणार.”

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा नीलाबाई बोलल्या, माझ्याकडे न बघता.

“तिनं सुईत दोरा ओवणं सोडलं होतं, सर. लग्नानंतरबी. म्हणायची, आई तू ओव, माझा हात हलतो, सर म्हणतात. मला वाटायचं कामाचा कंटाळा करून राहिली. च्याची कपबशी पाव्हण्यांना देत नव्हती, ताटात ठिवून न्यायची. सासूबाई हसायच्या तिला.” त्यांनी भाजीची सूपभर पानं बाजूला सारली. “शेवटच्या दिवशी दवाखान्यात ती नर्सबाई सलाईनची सुई लावायला आली. तर ही एवढ्या तापात तिला म्हणाली, ताई, माझा हात हलतो, तुम्हाला तरास होईल, आईला धरायला सांगा. मी धरला. दोन्ही हातांनी धरला.”

सुकन्या आत निघून गेली.

“हलत नव्हता, सर,” नीलाबाई म्हणाल्या. “अजिबात हलत नव्हता. मला तवाच कळलं होतं, पण मी तिला बोलले न्हाई. मला वाटलं, सरांनी सांगितलंय म्हंजी हलत असंल.”